यंत्राची नाडी कोणाच्या हाती?

(बांधकाम व वाहतूक व्यवसायातील छोटे उद्योजक, तंत्रज्ञ आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यात एका अनुभवी सेवा-अभियंत्याने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव जरा भारदस्त छापले गेले आहे. 'संवेदकांची जोडणी आणि अवजड वाहनांची देखभाल' असे ते आहे. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या मंडळींच्या दारात डंपर, जेसीबी किंवा पोकलेन उभे आहे आणि उरलेल्यांपैकी बरेच जण ती यंत्रे दुरुस्त करणारे आहेत. तेव्हा विषय आपल्या रोजच्या भाषेत सांगतो. आपले यंत्र बंद पडण्याआधी त्याचे दुखणे आज कोणाला तरी दूरवर बसून कळू लागले आहे. ते कसे कळते, कोणाला कळते आणि कळल्यावर तो मनुष्य काय करतो, एवढेच मला मांडायचे आहे. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. जेसीबी हेही कंपनीचेच नाव. आपण दोन्ही नावांची सामान्यनामे करून टाकली, यात त्या यंत्रांशी आपली किती जवळीक आहे ते दिसते.)

या गोष्टीचा आरंभ जपानमध्ये झाला, आणि तोही चोरीमुळे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तेथे चोरटे बांधकामाच्या जागेवरून पोकलेन पळवून नेत, तिच्या बकेटने बँकेचे एटीएम भिंतीसकट उखडत आणि यंत्र तेथेच टाकून पसार होत. कोमात्सू ही जपानमधील इशिकावा प्रांतातली, १९२१ साली स्थापन झालेली कंपनी. आपले यंत्र कोठे आहे हे कळावे म्हणून तिने त्यावर उपग्रहाद्वारे स्थान सांगणारे उपकरण बसविले. आता उपकरण बसवलेच आहे आणि निरोप पाठविण्याची सोयही आहे, तर केवळ ठिकाणाचाच निरोप कशाला? इंजिन किती तास चालले, डिझेल किती जळले, पाण्याचे तापमान किती, कोणती सूचना-दिवे लागले, हेही पाठवावे, असा विचार पुढे आला. या व्यवस्थेला त्यांनी 'कोमट्रॅक्स' असे नाव दिले.

खरा धाडसाचा निर्णय २००१ साली झाला. त्या वर्षी मासाहिरो साकाने हे कंपनीचे अध्यक्ष झाले. कंपनी तेव्हा मोठ्या तोट्यात होती. अशा वेळी कोणताही हिशेबनीस म्हणेल की, ज्याला हवे त्याला हे उपकरण जादा पैसे घेऊन द्यावे. साकाने यांनी उलट केले. वेगळी किंमत न लावता ते प्रत्येक यंत्रावर बसवायचे ठरविले. दहांपैकी दोन यंत्रेच बोलत असतील, तर सेवा-केंद्राला जुनीच पद्धत चालू ठेवावी लागते. सगळीच यंत्रे बोलू लागली म्हणजे मगच काम करण्याची रीत बदलते. पुढे कॅटरपिलर, हिताची, व्होल्वो, जेसीबी असे सगळेच या वाटेने गेले. आपल्याकडे आज टाटा मोटर्सची 'फ्लीट एज', महिंद्राची 'आयमॅक्स' आणि जेसीबीची 'लाइव्हलिंक' या सेवा आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर असतील. आहेत का, आणि असतील तर शेवटच्या केव्हा उघडल्या होत्या, हे मनातल्या मनात आठवून पाहा.

तारखेची देखभाल आणि प्रकृतीची देखभाल

देखभाल करण्याची आपली पारंपरिक रीत तासांवर चालते. अमुक तासांनी ऑइल बदला, तमुक तासांनी हायड्रॉलिक फिल्टर बदला. ही रीत चुकीची नाही. तथापि तिच्या पाठीमागे एक गृहीत आहे. प्रत्येक भाग वापराबरोबर हळूहळू झिजतो आणि ठरावीक वयाला पोहोचल्यावर निकामी होतो, असे आपण मानतो. हे गृहीत कितपत खरे आहे?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या किनारी विभागात विमानांची संख्या कमी पडत होती. कॉनरॅड वॉडिंग्टन नावाचे एक जीवशास्त्रज्ञ त्या वेळी तेथील संशोधन-गटात काम करीत होते. त्यांच्या गटाने बिघाडांच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हा विलक्षण गोष्ट दिसली. ठरावीक उड्डाणतासांनंतर होणारी तपासणी उरकली की, बिघाड कमी होण्याऐवजी लगेच वाढत आणि मग हळूहळू उतरत. म्हणजे तपासणीच्या निमित्ताने उघडझाप केल्यानेच नवे बिघाड शिरत होते! अनावश्यक उघडझाप कमी करून वेळापत्रक नव्याने बसविल्यावर त्या विमानांचे प्रत्यक्ष उड्डाणतास जवळजवळ ६० टक्क्यांनी वाढले. आमचे जुने मिस्त्री 'चालत्या गाडीला हात लावू नको' असे बजावत, ते वॉडिंग्टन यांनी आकड्यांनी दाखवून दिले होते.

त्यानंतर १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नॉलन आणि हीप या दोन अभियंत्यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानातील भागांपैकी केवळ सुमारे ११ टक्के भागांच्याच बाबतीत वयोमर्यादा ठरवून देण्याचा उपयोग होतो, उरलेल्या ८९ टक्क्यांचा बिघाड वयाशी बांधलेला नसतो, असे त्यात आढळले. आकडे विमानांचे आहेत. धुळीत आणि चिखलात राबणाऱ्या यंत्राला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे : भागाचे वय मोजण्यापेक्षा त्याची प्रकृती पाहावी.

प्रकृती पाहण्याची ही कल्पना आपल्या देशाला नवी नाही. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इंजिनातील ऑइलचा नमुना काढून त्याची वर्णपटीय तपासणी करण्याची पद्धत कित्येक वर्षे चालत आली आहे. ऑइलमध्ये लोखंड वाढले तर लायनर किंवा रिंग झिजते आहे, तांबे वाढले तर बेअरिंग-बुश, आणि सिलिकॉन वाढले तर हवेच्या फिल्टरमधून धूळ आत शिरते आहे, असे निदान त्यावरून होते. वैद्याने रक्त तपासावे तसेच हे आहे. फरक एवढाच की रक्त महिन्यातून एकदा तपासले जाते आणि संवेदक दर क्षणाला नाडी पाहत असतो.

हे संवेदक कसे बोलतात, तेही थोडक्यात सांगतो. इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक पंप या प्रत्येकाचा छोटा संगणक असतो. ते सगळे एका दोन तारांच्या वाहिनीवर एकमेकांशी बोलतात. 'कॅन' नावाची ही वाहिनी बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडली. अवजड वाहनांसाठी त्या वाहिनीवर 'जे १९३९' नावाची ठरलेली बोली वापरली जाते. कोणता भाग आणि त्याला काय झाले, हे त्या बोलीत दोन आकड्यांनी सांगितले जाते. मोबाइलसारखे सिमकार्ड असलेली एक पेटी हे बोलणे ऐकते आणि त्यातले निवडक तेवढे दूरच्या संगणकाकडे पाठविते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून मालमोटारींना बीएस-६ आणि १ एप्रिल २०२१ पासून जेसीबीसारख्या चाकांच्या बांधकाम-यंत्रांना चौथ्या टप्प्याचे प्रदूषण-नियम लागू झाले. त्या नियमांसाठी इंजिनांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आणि त्याबरोबर संवेदकही आले. म्हणजे ही नाडी आता यंत्राच्या अंगातच आहे, वेगळी बसवावी लागत नाही.

आता एक साधे उदाहरण घ्या. समजा, एका पोकलेनच्या पाण्याचे तापमान भर कामात ८४ अंश असते. दहा दिवसांत तेच काम करताना ते ९३ अंशांवर गेले. धोक्याचा दिवा त्याहून बराच वर लागतो, म्हणून ऑपरेटरला काहीच जाणवत नाही. पण दूर बसून दहा दिवसांची रेषा पाहणाऱ्याला ती चढताना दिसते. कारण बहुधा क्षुल्लक असते. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कचरा बसलेला असतो. हवा मारून तासाभरात तो निघतो. न काढल्यास इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते, आणि मग खर्च लाखांच्या घरात. खाणीतल्या मोठ्या यंत्रांवर तर पिस्टनच्या बाजूने खाली निसटणाऱ्या वायूचा दाबही मोजतात. तो चढू लागला की इंजिन उघडण्याचा दिवस आधीच ठरविता येतो आणि भाग मागवून ठेवता येतात.

मात्र संवेदकांना सगळे दिसते, अशा भ्रमात राहू नका. बूमच्या वेल्डिंगला गेलेली बारीक चीर, पिन-बुशमधला खेळ, साखळीच्या लिंकची झीज, ग्रीस न मारल्याने कोरडा पडलेला सांधा, होज पाइपला सुटलेला ओलावा यांपैकी बहुतेक गोष्टी आजही मिस्त्रीच्या डोळ्याला, कानाला आणि बोटालाच कळतात. मोबाइलवर सगळे हिरवे दिसते आहे म्हणून सकाळची फेरी सोडून देणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांची यंत्रे इतरांहून अधिक वेळा बंद पडत.

माहितीपासून दुरुस्तीपर्यंतचे अंतर

माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग येथून सुरू होतो. माहिती आली म्हणजे दुरुस्ती झाली, असे होत नाही. मधली साखळी माणसांची असते.

मालक सांगलीला, यंत्र कोकणात घाटरस्त्याच्या कामावर, ऑपरेटर झारखंडचा. यंत्रातील बिघाडाचा संदेश इंग्रजीत मालकाच्या मोबाइलवर येतो. दिवसभरात असे दहा-बारा संदेश येतात. त्यांतले आठ किरकोळ असतात, म्हणून मालक नवव्याकडेही पाहत नाही. नेमका तोच महत्त्वाचा असतो. ज्या सेवा-केंद्रांनी हे ओळखले, त्यांनी एक अनुभवी मनुष्य केवळ निवड करण्यासाठी बसविला. संदेश मालकाला थेट न धाडता तो आधी स्वतः वाचतो, यंत्राचा मागचा इतिहास पाहतो आणि गरज असेल तेव्हाच मराठीत फोन करतो : "साहेब, तुमच्या गाडीचा रेडिएटर उद्या सकाळी काम सुरू होण्यापूर्वी साफ करून घ्या." एवढ्या एका वाक्यासाठी सगळी उपग्रहाची आणि संगणकाची यातायात असते. ते वाक्य कोणी उच्चारलेच नाही, तर बाकी सर्व व्यर्थ.

सेवा देणाऱ्याची मोठी बचत आणखी एका ठिकाणी होते. पूर्वी बिघाडाचा फोन आला की फिटर आधी पाहायला जाई, मग भाग आणायला परत येई आणि पुन्हा जाई. दोन खेपा, तीन दिवस. आता बिघाडाचा आकडा आधीच कळतो. म्हणून तो योग्य भाग आणि योग्य हत्यार घेऊनच निघतो. उसाच्या हंगामात हार्वेस्टर तीन दिवस उभे राहणे म्हणजे काय, हे येथे मी सांगण्याची आवश्यकता नाही. तोडलेला ऊस वाळत जातो आणि त्यातली साखर तासागणिक घटते. पावसाळ्याच्या तोंडावर बंद पडलेल्या डंपरचीही तीच कथा. आणि बँकेचा हप्ता यंत्र चालू आहे की बंद, हे विचारत नाही.

ऑपरेटरविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. यंत्र चालू ठेवून काम न करणे, म्हणजे इंजिन नुसते फिरवत ठेवणे, हे या अहवालांत तत्काळ दिसते. ताशी दोन लिटर डिझेल आणि दिवसाला असे तीन तास धरले, तर पंचवीस दिवसांत १५० लिटर होतात. नव्वद रुपयांचा दर धरला तर महिन्याला साडेतेरा हजार रुपये. हा आकडा पाहून एका कंत्राटदाराने ऑपरेटरांचे पगार कापले. पंधरा दिवसांत त्याच्या निम्म्या यंत्रांच्या अँटेनाच्या तारा तुटलेल्या सापडल्या. दुसऱ्या एकाने ऑपरेटरांना बोलावून तोच कागद दाखविला आणि वाचलेल्या डिझेलच्या निम्मे पैसे तुमचे, असे सांगितले. त्याच्याकडील तारा शाबूत आहेत. ज्याच्या हातात दांडा आहे त्याला विश्वासात न घेता त्याच्यावर नजर ठेवली, तर माहिती खोटी होऊ लागते.

कुलूप कोणाकडे?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जी पेटी यंत्राची नाडी सांगते, तीच पेटी यंत्राला थांबवूही शकते. २०२२ साली युक्रेनमधील मेलितोपोल शहर रशियन सैन्याने घेतल्यावर तेथील एका विक्रेत्याकडून जॉन डिअरची शेतीयंत्रे पळवून चेचन्यापर्यंत नेण्यात आली. तेथे पोहोचल्यावर ती सुरूच होईनात. विक्रेत्याने ती दुरूनच कुलूपबंद केली होती. ऐकताना आपण टाळ्या वाजवतो. चोराची फजिती झाली, उत्तम झाले. परंतु चीनमध्ये हीच सोय थकलेल्या हप्त्यांसाठी वापरली जाते. हप्ता चुकला की आधी इशारा, आणि मग यंत्र पुन्हा सुरू होत नाही. दुष्काळाच्या वर्षी, बिले थकलेली असताना, आपल्या एखाद्या बांधवाच्या दारातले यंत्र असे परस्पर बंद झाले तर? सावकाराला निदान दारात यावे लागत असे.

माहितीचे मोल किती असते याचेही एक उदाहरण चीनचेच आहे. २००४ साली चीन सरकारने कर्जपुरवठा आवळला. त्याचा परिणाम यंत्रांच्या रोजच्या चालू तासांत कोमात्सूला लगेच दिसला आणि तिने तेथील उत्पादन वेळीच आवरले. हजारो मालकांच्या यंत्रांचे तास एकत्र पाहिले, तर देशाच्या बांधकाम-व्यवसायाची प्रकृती दिसते. त्यातला प्रत्येक तास कोणातरी मालकाचा आणि ऑपरेटरचा होता. उपयोग मात्र कंपनीला झाला. यात बेकायदा काही नाही. पण सौद्यात आपण काय देतो आहोत, हे देणाऱ्याला माहीत असावे.

आणि तिसरी बाजू आमच्या मिस्त्रींची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा महामार्गावरील कोणत्याही गॅरेजात जा. आवाजावरून इंजिनाचे दुखणे सांगणारी माणसे तेथे भेटतात. त्यांना आज यंत्र उघडता येते, पण त्याचा संगणक उघडता येत नाही. नवा संवेदक बसविला तरी त्याची ओळख संगणकाला करून देण्याचे सॉफ्टवेअर कंपनीकडेच. दोनशे रुपयांचे काम, आणि त्यासाठी ऐंशी किलोमीटरवरून अधिकृत फिटरची वाट पाहायची! अमेरिकेतील शेतकऱ्यांची हीच तक्रार आहे. जॉन डिअरने जानेवारी २०२३ मध्ये तेथील शेतकरी महासंघाशी दुरुस्तीविषयी करार केला. तो पुरेसा नाही असे म्हणणारे होतेच. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने दुरुस्तीवरील मक्तेदारीबद्दल कंपनीवर खटला भरला. युरोपने एक पाऊल पुढे टाकले. तेथील माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. जोडलेल्या यंत्राच्या वापरातून निर्माण होणारी माहिती वापरणाऱ्याला मिळाली पाहिजे, आणि त्याने सांगितल्यास ती त्याच्या पसंतीच्या दुरुस्ती करणाऱ्यालाही दिली पाहिजे, असे त्यात आहे.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे नव्हे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हाच त्यांच्यावरील ठपका होता. पुढे अपिले झाली. पण तत्त्व नोंदले गेले. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या कार्यकक्षेत शेतीची अवजारे व वाहनेही घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. २०२३ चा माहिती-संरक्षण कायदा मात्र व्यक्तीच्या माहितीसाठी आहे. यंत्राच्या ऑइलचे तापमान कोणाचे, या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. ते उत्तर आज विक्रीच्या करारातच शोधावे लागते.

म्हणून यंत्र घेताना ज्या गोष्टी आपण घासाघीस करून मागतो, त्यांत चार गोष्टींची भर घाला. माहिती मला पूर्ण आणि माझ्या भाषेत मिळेल काय? मी सांगेन त्या मिस्त्रीला ती दिसेल काय? तीन वर्षांची मोफत सेवा संपल्यावर वर्गणी किती? आणि दुरून यंत्र थांबविण्याचा अधिकार कोणाला, किती दिवसांच्या लेखी सूचनेनंतर? एकटा मालक विचारेल तर विक्रेता हसून चहा मागवील. तालुक्यातल्या चाळीस मालकांनी एकत्र विचारले, तर तो मुख्य कार्यालयाला फोन लावतो, असा माझा अनुभव आहे. सहकार ज्या भूमीत रुजला तेथे चाळीस माणसे जमविणे अवघड नसावे.

गॅरेजवाल्यांनाही तेच सांगणे आहे. अनेक कंपन्यांच्या गाड्यांचे बिघाड-आकडे वाचणारी उपकरणे बाजारात मिळतात. एका गॅरेजला ती महाग वाटतील. सहा गॅरेजांनी मिळून एक घेतले तर परवडते. आयटीआयमधून आलेला मुलगा ते चालवील आणि आमचे जुने मिस्त्री त्या आकड्याचा अर्थ लावतील. कारण आकडा 'इंधनाचा दाब कमी' एवढेच सांगतो. फिल्टर तुंबला, पंप थकला, की टाकीतल्या डिझेलमध्ये पाणी आहे, हे सांगायला माणूसच लागतो. मुलाने मिस्त्रीकडून हे शिकावे आणि मिस्त्रीने मुलाकडून ते उपकरण वापरायला शिकावे. यात वयाचा मान आड येऊ देऊ नये.

अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे पाहिले आहे. करारातील अटींचा मराठी तर्जुमा मी सोबत आणला आहे. त्याच्या प्रती दारापाशी ठेवल्या आहेत, जाताना अवश्य घ्याव्यात. आता प्रश्नांकडे वळू. तिसऱ्या रांगेतल्या भगिनींनी मघाशीच हात वर केला होता. त्यांच्या घरी दोन डंपर आहेत आणि हिशेब त्याच पाहतात, असे मला सांगण्यात आले आहे. पहिला प्रश्न त्यांचा घेऊ.